कामाची चाड आणि एका दिवसाचा रोज

बडोद्यातल्या कुठल्याही मराठी घरात, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यात काय किंवा मांजलपूरच्या नव्या सोसायटीत काय, दिवाळीच्या तोंडावर एक तक्रार हमखास ऐकू येते. माळा आवरायला, पंखे पुसायला, जड सामान गच्चीवर चढवायला किंवा भिंतीला रंगाचा हात द्यायला म्हणून बोलावलेला मुलगा वेळेवर आला नाही, आला तर अर्ध्या कामात फोनवर बोलत बसला, उरलेले उद्या करतो म्हणाला आणि पुन्हा फिरकलाच नाही. तक्रारीचा शेवटही ठरलेला असतो. आजकालच्या मुलांना कामाची चाडच उरलेली नाही, असे म्हणून सगळे माना डोलावतात.

ही तक्रार खोटी नाही. आमच्या सोसायटीच्या समितीत सुट्या कामांसाठी माणसे आणणे, त्यांच्याकडून काम करून घेणे आणि पैसे चुकते करणे ही जबाबदारी बरीच वर्षे माझ्याकडे आहे. त्यामुळे ‘रस्त्यातच आहे’ असे सांगणारा झोपाळू आवाज मी ऐकला आहे, आणि शिडीवर उभे राहून एका हाताने मोबाईल चाळणारा मुलगाही पाहिला आहे. तरीही या तक्रारीतून जो निष्कर्ष काढला जातो तो मला मान्य नाही. चांगले काम केले तर कुणीतरी ते पाहील, लक्षात ठेवील आणि पुन्हा बोलावील, या अनुभवातून कामाची चाड अंगी मुरते. सुट्या कामांच्या बाजारात हा अनुभवच मिळत नाही, आणि तो मिळू नये अशी व्यवस्था काम देणाऱ्या आपणच, बहुतेक वेळा नकळत, करून ठेवली आहे. म्हणून तरुणांना कामाची नीती शिकवण्याची भाषा करण्यापूर्वी काम देण्याची नीती तपासली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहरातल्या कडियानाक्यांवर, म्हणजे रोजंदारीचे मजूर कामाची वाट पाहत उभे राहतात त्या चौकांत, सकाळी जे चालते ते एकदा थांबून पाहावे. दाहोद, छोटा उदेपूर, पंचमहाल या जिल्ह्यांतून आणि राज्याच्या सीमेपलीकडच्या झाबुआ-अलीराजपूरकडून आलेले आदिवासी तरुण, काही जण बायकोसह, कामाच्या आशेने तिथे उभे असतात. कुणाजवळ थापी आणि ओळंबा, कुणाजवळ रंगाचा ब्रश, पुष्कळांजवळ काहीच नाही. स्कूटर किंवा टेम्पो थांबला की भोवती घोळका जमतो. गिऱ्हाईक विचारते ते एवढेच, की किती घेणार. काय येते, याआधी कुठे काम केले, हे क्वचितच कुणी विचारते. घासाघीस होते आणि जो कमीला तयार होतो तो गाडीवर बसतो. ऊन चढू लागले की भाव उतरतो, कारण आता काम मिळाले नाही तर त्या दिवसाचा रोज बुडाला, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. जोडप्यातल्या बाईचा रोज नवऱ्यापेक्षा कमी ठरतो, मग डोक्यावरून वाहिलेली घमेली तेवढीच का असेनात. अशा नाक्यांवर ५ रुपयांत जेवण देणारी श्रमिक अन्नपूर्णा योजना राज्य सरकार चालवते आणि तिचा उपयोगही होतो. पण कोण कसे काम करतो याची दखल घेणारे तिथे कुणीच नाही. गेल्या वर्षी ज्याने तुमच्या भिंतीचा गिलावा मन लावून एकसारखा केला तो, आणि ज्याने वाळू जास्त मिसळून वेळ मारून नेली तो, असे दोघेही दुसऱ्या दिवशी त्याच घोळक्यात, त्याच भावाने उभे असतात.

दुसरी गोष्ट काम ठरवण्याच्या पद्धतीची आहे, आणि तिचा विचार आपण फारच कमी करतो. माणूस रोजावर लावला की काम लांबवण्यात त्याचा फायदा असतो. तेच काम उक्ते, म्हणजे एकरकमी ठरवून, दिले की ते उरकून टाकण्यात त्याचा फायदा असतो. यातले काहीही कुणाला शिकवावे लागत नाही. घराला रंग देण्याचेच काम घ्या. जुना रंग खरवडायचा, पॉलिश पेपरने भिंत घासायची, भेगा लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरायच्या, लांबी पुरती वाळू द्यायची, मग प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन हात, असा त्याचा क्रम असतो. यातला घासण्याचा भाग सर्वांत कष्टाचा, नाकातोंडात धूळ जाणारा, आणि काम संपल्यावर मुळीच न दिसणारा. उक्त्या कामात सर्वांत आधी गळतो तो हाच. दिवाळीत भिंत सुरेख दिसते, पैसे दिले जातात आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघू लागतात. तोवर तो मुलगा कुठे आहे हे मालकाला ठाऊक नसते, आणि आपण रंगवलेल्या भिंतीचे पुढे काय झाले हे मुलाला कधीच कळत नाही.

माझ्या मते या शेवटच्या गोष्टीला सर्वांत जास्त महत्त्व आहे. बापाच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकणाऱ्या सुताराच्या मुलाला आपण बसवलेली चौकट पावसाळ्यात फुगली, दार लागेना, म्हणून पुन्हा त्याच घरी जावे लागत असे, चार शब्द ऐकून घ्यावे लागत आणि रंधा चालवावा लागे. लाकूड वाळलेले का हवे, हे त्याला तिथे कळत असे. आजच्या सुट्या कामाच्या तरुणाला आपल्या कामाचा परिणाम पाहायलाच मिळत नाही. त्याला फक्त दोनच गोष्टी कळतात, त्या म्हणजे पैसे मिळाले की नाही आणि किती वाजता सुटलो. आपली चूक ज्याच्या समोर कधी येतच नाही, त्याने ती सुधारावी कशी?

अशा बाजारातही काही मुलांची चाड शिल्लक राहते, हे मी पाहिले आहे. पाण्याची टाकी साफ करणे हे असे काम आहे की झाकण लावल्यावर ते नीट झाले की नाही हे कुणालाच दिसत नाही. आमच्या गच्चीवरच्या टाक्यांसाठी आलेल्या छोटा उदेपूरकडच्या एका मुलाने, वय असेल एकोणीस-वीस, उरलेले पाणी उपसले, भिंतींचे शेवाळ ब्रशने काढले, तळाचा गाळ गोळा करून बादलीत भरला. इथपर्यंत बहुतेक जण करतात. त्यानंतर त्याने एक फडके पिळून, जिथे पाण्याचा पाइप आत येतो त्याच्या खालचा कोपरा, हात उलटा वळवल्याशिवाय जिथे पोचता येत नाही असा, पुसायला घेतला. फडके बाहेर काढून त्याने उजेडात धरले, काळे दिसले म्हणून धुतले आणि पुन्हा आत वाकला. फडके जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत हे चालले. त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि मी तिथे उभा आहे याची त्याला कल्पनाही नव्हती. विचारल्यावर तो एवढेच म्हणाला, ‘पीवानुं पाणी छे ने, काका.’ ठराव टाकीमागे अमुक पैसे असा असल्यामुळे त्याला मिळणार होते तेवढेच पैसे नुसते पाणी फिरवून जाणाऱ्यालाही मिळाले असते. आता आम्ही टाक्यांचे काम त्याच्याशिवाय कुणाला देत नाही; होळीला तो गावी गेला असेल तर परत येईपर्यंत थांबतो. दुसऱ्या खेपेपासून कुठल्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतो, कुठल्या झाकणाला फट आहे, हे तो आपणहून सांगू लागला, कारण या टाक्यांशी आपला पुढेही संबंध येणार आहे हे त्याला कळले होते.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली आणि शहराच्या मोठ्या भागातले तळमजले पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखल काढायला, भिजलेल्या गाद्या आणि फर्निचर बाहेर टाकायला माणसे मिळेनात. जी मिळत होती त्यांचा रोज एकदम चढला. काही मुले एका घरचा चिखल अर्धा टाकून पलीकडच्या गल्लीत जास्त पैशांवर गेली, आणि संकटाचा फायदा घेणारी पिढी म्हणून त्यांच्या नावाने बोटे मोडली गेली. लोकांचा संताप मला समजतो, कारण चिखलाने भरलेले घर काय असते हे बडोद्याने त्या आठवड्यात अनुभवले. पण एरवी वर्षभर, माणसे जास्त आणि कामे कमी असताना, उशिरापर्यंत ताटकळलेल्या माणसाचा भाव पाडणारे आपणच असतो, आणि तेव्हा त्याला आपण व्यवहार म्हणतो. गरजू माणसाची गरज पाहून किंमत ठरवायची हा नियम त्या मुलांनी नाक्यावरच शिकलेला होता. तो नियम आपल्यावर उलटला तेव्हाच त्यात आपल्याला लोभ दिसला. जो संबंध एका दिवसापुरताच ठेवायचा असे आपण ठरवले, त्या संबंधातून संकटाच्या दिवशी निष्ठा मागण्याचा हक्क आपल्याला राहत नाही.

याचा अर्थ मुलांचे सगळे माफ, असा मी घेत नाही. काम अर्धवट टाकताना ‘मला जायचे आहे, दुसरा कुणी पाहा’ एवढे तोंडाने सांगणे कुणालाही शक्य असते. येतो म्हणून सांगितले तर यावे, येणार नसू तर कळवावे, न केलेले काम केले असे सांगू नये. या गोष्टींना शिक्षण लागत नाही, हत्यार लागत नाही, पैसे लागत नाहीत. गरिबी आहे म्हणून शब्द पाळण्याची अपेक्षाच ठेवू नये, असे मानणारे काही सहृदय लोक मला भेटतात. त्यांचा हेतू चांगला असला तरी त्यात त्या मुलांचा अपमान आहे असे मी मानतो. टाकी पुसणारा तो मुलगाही गरीबच होता. शिवाय शब्द पाळणाऱ्या मुलाचे नुकसान सर्वांत जास्त करतो तो शब्द मोडणारा त्याचाच सोबती, कारण एका ठिकाणी फसलेले घर पुढच्या दहा मुलांकडे संशयाने पाहते. म्हणून खाडा केल्यावर जाब विचारला पाहिजे, आणि तोही समोरासमोर, नाव घेऊन. आपण तसे न करता त्याला पुन्हा बोलावत नाही आणि शेजाऱ्यांपाशी संपूर्ण पिढीची निंदा करतो. त्या मुलाला आपण का वगळले गेलो हे कळतच नाही.

कामाच्या नीतीबद्दल बोलताना एका गोष्टीचा उल्लेख फारसा होत नाही, आणि ती म्हणजे नकार. ड्रेनेजचे चेंबर तुंबले की महानगरपालिकेची गाडी यायला वेळ लागतो म्हणून सोसायटीत काम करणाऱ्या एखाद्या तरुणाला ‘जरा आत उतरून बघ, वेगळे पैसे देऊ’ असे सांगितले जाते. त्याने नाही म्हटले तर तो कामचुकार ठरतो. वस्तुतः सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख रुपये केली. हे सगळे लांबचे वाटत असेल तर जून २०१९ ची घटना आठवावी. आपल्याच जिल्ह्यात, डभोई तालुक्यात, एका हॉटेलची सेप्टिक टाकी साफ करताना गुदमरून सात जणांचा जीव गेला. आधी उतरलेला बाहेर येत नाही म्हणून मागचे उतरत जातात, आणि विषारी वायू कुणालाही सोडत नाही. जो मुलगा अशा कामाला नाही म्हणतो तो स्वतःचा आणि त्याला वाचवायला धावणाऱ्या इतरांचाही जीव राखतो. जबाबदारीची याहून मोठी खूण मला दुसरी दिसत नाही. मुकाट्याने सगळे ऐकणारा मुलगा म्हणजे कष्टाळू मुलगा, ही आपली समजूत मोडायला हवी.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे बडोद्यातल्या मराठी मध्यमवर्गाविषयी. गायकवाडांबरोबर आणि नंतर संस्थानच्या कारभारात आलेल्या आपल्या पूर्वजांनी बहुतांशी लेखणीची किंवा फौजेची कामे केली. कचेरी, शाळा, बँक आणि पेन्शन या वाटेने आपली घरे उभी राहिली, आणि त्याबद्दल कमीपणा वाटण्याचे कारण नाही. पण या वाटेवर हाताच्या कामाकडे पाहण्याची एक नजर तयार झाली. अभ्यास न करणाऱ्या मुलाला ‘मग हमाली करशील’ ही धमकी आपल्या घरांत अजूनही दिली जाते. कवळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक आलेल्या महाराजा सयाजीराव गायकवाडांना या नजरेचा धोका कळला होता, असे त्यांच्या कामावरून दिसते. १८९० मध्ये त्यांनी प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवनाची सूत्रे दिली, ती रंगकाम, विणकाम, यंत्रकाम यांसारखे हातांचे उद्योग शास्त्रशुद्ध पायावर आणि आपल्या लोकांच्या भाषेत शिकवता यावेत म्हणून. दादासाहेब फाळके याच संस्थेत शिकले. आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे, आणि तिथे मुलाला प्रवेश मिळाला की आपण पेढे वाटतो. मात्र त्याच मुलाने सुट्टीत कुणाच्या घरी वायरिंगच्या कामाला मदतनीस म्हणून जाऊन रोज कमावला, तर नातेवाइकांना काय सांगायचे असा प्रश्न आपल्याला पडतो. जे काम आपल्या मुलाने केले तर कमीपणा वाटेल, तेच काम दुसऱ्याच्या मुलाने अभिमानाने करावे, ही अपेक्षा टिकणारी नाही. कामाचा मान आणि कामाची चाड एकमेकींना धरून असतात, आणि समाजाने मान काढून घेतला की चाड मागे राहत नाही.

या शहराच्या आठवणीत याहून कठोर उदाहरणही आहे. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. राजाची इच्छा अनुकूल होती, विद्वत्ता तर निर्विवाद होती, तरीही घरे आणि खानावळी बंदच राहिल्या. त्या अपमानानंतर बाबासाहेबांनी जिथे संकल्प केला, त्या सयाजीबागेजवळच्या संकल्पभूमीचे आज आपण दर्शन घेतो, पण कामाला आलेल्या मुलासाठी वेगळा पेला, लिफ्टऐवजी जिना, आणि दिवसभर काम करून घेऊनही स्वच्छतागृहाला नकार, हे अनेक इमारतींमध्ये बिनदिक्कत चालते. ज्याला लघवीसाठी बाहेर रस्त्यावर जावे लागते तो दर वेळी वीस मिनिटे गायब होतो, आणि आपण ती वीस मिनिटे त्याच्या आळसाच्या खात्यात लिहितो.

सुटी कामे करणारे सगळेच नाक्यावरचे नसतात. नवरात्रात गरब्याच्या मैदानांवर पार्किंग सांभाळणारी, पास तपासणारी, पाण्याचे जार वाहणारी आणि लग्नसराईत केटररकडे वाढपी म्हणून जाणारी शेकडो मुले-मुली कॉलेजातली असतात. आमच्या शेजारचा एक विद्यार्थी नवरात्रात नऊही रात्री एका ठेकेदाराकडे पार्किंगच्या कामावर होता. पैसे दसऱ्याला देतो असे ठरले होते. प्रत्यक्षात ते दिवाळीनंतर मिळाले, आणि दोन रात्रींचे कापून मिळाले, कारण विचारले तर ‘तू उशिरा आला होतास’. तो उशिरा आला होता की नाही हे ठरवणारे कुठलेही हजेरीपुस्तक नव्हते. त्या मुलाने पुढच्या वर्षी काय केले, तर आगाऊ पैसे घेतल्याशिवाय काम घेतले नाही आणि आठव्या रात्री दुसरीकडे गेला. त्याला मी समोर बसवून बोललो, कारण त्याचे वागणे मला आवडले नाही. पण हे तो कुठे शिकला, याबद्दल मला शंका नाही.

वेतन संहिता, २०१९ या कायद्यात, जो २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला, रोजंदारीवरच्या कामगाराचे वेतन पाळी संपताच दिले पाहिजे अशी तरतूद आहे. आठवड्यावर काम करणाऱ्याला आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, पंधरवड्यावर असलेल्याला पंधरवडा संपल्यापासून दोन दिवसांत आणि महिन्याच्या पगारदाराला सात दिवसांत, असे टप्पे तिने घालून दिले आहेत. हे नियम आस्थापनांना उद्देशून आहेत. आपल्या घरी माळा साफ करायला आलेल्या मुलाला पैसे कधी मिळाले हे पाहायला कोणी निरीक्षक येणार नाही. म्हणूनच घरांवरची जबाबदारी मोठी आहे. संध्याकाळी काम संपल्यावर ‘सुटे नाहीत, उद्या ये’ असे सांगणाऱ्याने, किंवा ठरलेल्या पैशांतून शेवटच्या क्षणी पन्नास रुपये कापून जिंकल्याचे समाधान मानणाऱ्याने, दुसऱ्याला शब्द पाळायला शिकवू नये.

आता ही कामे मोबाईलच्या ॲपवरूनही मिळू लागली आहेत. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात अशा गिग कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज दिला आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना प्रथमच कायद्यात नाव दिले, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी असे म्हटले, हे स्वागतार्हच आहे. ॲपने नोंद ठेवण्याची उणीव भरून काढली असेही म्हणता येईल, कारण तिथे गिऱ्हाईक तारे देते. पण तारे वेळेला आणि गोड बोलण्याला मिळतात, टाकीच्या कोपऱ्याला नाहीत. तारा कमी का मिळाला हेही मुलाला सहसा कळत नाही, आणि कंपनी बदलली की जमा केलेले सगळे तारे मागेच राहतात. नाक्यावरच्या माणसाकडे कुणी पाहत नव्हते. ॲपवरच्या माणसाकडे सतत पाहिले जाते, तरी त्याला ओळखत मात्र कुणीच नाही.

यावर मोठ्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही, असे मला अनुभवावरून वाटते. ई-श्रम पोर्टल २०२१ मध्ये सुरू झाले आणि त्यावर ३० कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नोंद झाली. पण हा मुलगा लांबी चांगली भरतो, ही मुलगी शंभर माणसांच्या पोळ्या वेळेत लाटून देते, हे सांगणारा माणूस त्या पोर्टलला मिळणार नाही. तो सोसायटीत, गणेश मंडळात, वाड्यातच मिळेल. आमच्या समितीने त्यासाठी एक साधी वही ठेवली आहे. काम काय, ते कोणत्या पायऱ्यांनी व्हायचे, पैसे किती आणि कधी, जेवणाची सुट्टी किती, हे काम सुरू होण्यापूर्वी दोन ओळींत लिहून करणाऱ्याला वाचून दाखवले जाते. रंगकामासारख्या कामात घासणे झाल्यावर एकदा आणि लांबी वाळल्यावर एकदा समितीतले कुणीतरी जाऊन पाहते, आणि एकूण पैशांतला एक भाग त्या टप्प्यावरच दिला जातो, त्यामुळे न दिसणाऱ्या कामालाही मोबदला मिळतो. पावसाळ्यानंतर भिंत पाहायला त्याच मुलाला बोलावले जाते आणि त्या फेरीचेही पैसे दिले जातात. दोन-तीन कामे चांगली केलेल्या मुलाला समितीच्या सहीचे पत्र मिळते. असे पत्र दाखवून एका मुलाला मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रंगखात्यात कायमचे काम लागले, आणि आम्ही एक चांगला रंगारी गमावला, ज्याचे मला मनापासून समाधान आहे.

या वहीला आमच्यातल्याच काहींनी आक्षेप घेतले. एवढी उठाठेव कोण करणार, हा पहिला. त्याला उत्तर असे की महिन्याला तासाभरापेक्षा जास्त वेळ यात जात नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता आणि तो एका निवृत्त शिक्षिकेने घेतला. आज चांगले शेरे असलेली वही उद्या काळी यादी होईल, एका घराशी झालेल्या भांडणावरून मुलाला सगळ्या सोसायट्यांची दारे बंद होतील, आणि त्याला आपली बाजू मांडायला जागाच नसेल, असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे बरोबर होते. म्हणून आता वाईट शेरा लिहायचा असेल तर तो आधी त्या मुलाला समोर बोलावून सांगावा लागतो, त्याचे म्हणणे त्याच पानावर लिहावे लागते, आणि सहा महिन्यांत त्याने एक काम नीट केले तर तो शेरा खोडला जातो. शेऱ्याच्या बाजूलाच घरमालकासाठीही एक रकाना आहे, पैसे ठरल्याप्रमाणे आणि त्याच दिवशी दिले की नाही याचा, आणि तो काम करणाऱ्यानेच भरायचा असतो. ज्यांच्या नावापुढे त्या रकान्यात दोनदा ‘नाही’ आले, त्यांच्यासाठी समिती माणूस आणून देत नाही.